आतल्या मुकादमानं बोलायचं नाही

घर बांधणारे पुष्कळ असतात, पाडणारे त्याहून जास्त. पण उभं घर, दारं-खिडक्या, पंखे आणि भिंतीवरच्या घड्याळासकट, जमिनीवरून अलगद वर उचलणारी माणसं हवी असतील तर दिवा घेऊन शोधावी लागतील. घुमी अशाच एका टोळीत वाढली. इतकी घरं वर जाताना पाहिली, पण तिला त्याची सवय काही झाली नाही. घर पहिल्यांदा पाया सोडायचं, तेव्हा दर वेळी तिच्या अंगावर काटा यायचा.

लोकांना वाटतं यात काहीतरी जादू आहे, नाहीतर एखादं अगडबंब यंत्र आहे. दोन्ही नाही. रस्त्यावर डांबराचे थरावर थर चढतात, रस्ता उंच होतो आणि जुनी घरं बिचारी खड्ड्यात राहतात. मग पाऊस झाला की रस्त्याचं पाणी न बोलावलेल्या पाहुण्यासारखं सरळ आत. अशा घराच्या भिंती पायाशी थोड्या थोड्या कापायच्या, त्यांच्याखाली लोखंडी गर्डर सरकवायचे, गर्डरखाली स्क्रूचे जॅक लावायचे, आणि माणसांनी दांडे घालून ते जॅक फिरवायचे. एका हाकेला एक पाव फेरा. सगळ्यांनी एकदम आणि सगळ्यांनी सारखाच. घर केसभर वर येतं. पुन्हा हाक, पुन्हा केसभर. सगळी कला त्या ‘एकदम’ आणि ‘सारखाच’मध्ये आहे, बाकी नुसती हमाली. एका कोपऱ्यातल्या माणसाला शिंक आली आणि त्याचा दांडा जास्त फिरला, तर भिंत तिथल्या तिथे हिशेब चुकता करते.

म्हणून हाक देणारा मुकादम हा या धंद्याचा प्राण. आणि मुकादम म्हटलं की काका.

काकांना सगळे तोफ म्हणत, तोंडावरसुद्धा, आणि त्यांना ते आवडायचं. घराच्या पुढच्या अंगणात उभं राहून ते छाती भरून ओरडायचे, “चला माझ्या वाघांनो! वा रे वा!” त्या शेवटच्या ‘वा’वर सगळे दांडे फिरायचे. काम झाल्यावर शाबासकी कुणीही देतो. काका आधीच देऊन टाकायचे, आणि मग माणसांना ती खरी करून दाखवावी लागायची. तापानं फणफणलेला माणूस त्यांच्या हाकेवर उठून दांडा धरताना घुमीनं पाहिला होता. बायकोशी भांडून, न जेवता आलेला माणूस अर्ध्या तासात हसताना पाहिला होता. “घराचं काय, घर जॅक उचलतो,” काका म्हणायचे. “मुकादमानं माणूस उचलायचा.” घुमीला हे घर उचलण्यापेक्षाही मोठं नवल वाटे. आपल्याला हे सात जन्मांत जमणार नाही, याची तिला खात्रीच होती.

घुमी ही काकांच्या धाकट्या भावाची मुलगी. आई-वडील लवकर गेले, काका-काकूंनी वाढवलं. नाव काहीतरी वेगळंच होतं, पण मूग गिळून बसणाऱ्या पोरीला दुसरं काय म्हणणार? ती काकांच्या मागून पाणसळ घेऊन फिरायची. पाणसळ म्हणजे पाणी भरलेली लांबलचक पारदर्शक नळी. तिच्या दोन टोकांचं पाणी एका खुणेवर आलं, की घर सरळ आहे समजायचं. आणि त्या नळीनं घुमीला एक गंमत शिकवली होती. काका ज्या बाजूला उभे असत, ती बाजू नेहमी गुंजभर जास्त वर यायची. जवळच्या माणसांच्या कानात तोफ सुटायची, त्यांच्या दंडांत बळ यायचं आणि पाव फेरा पावापेक्षा थोडा मोठा व्हायचा. घराच्या मागच्या बाजूला हाक पोचेपर्यंत तिचा जोर ओसरलेला असायचा.

“काका, मागची बाजू राहिली,” घुमी सांगायची.

“घराला माझ्याकडे यावंसं वाटतं, त्याला मी काय करू?” काका गडगडाटी हसायचे. मग मागची बाजू सारखी करून घ्यायचे आणि पुढच्या हाकेला पुन्हा तेच.

असं सगळं बरं चाललं होतं. पण काकांचे गुडघे गेले. घराखाली वाकून शिरणं बंद झालं, आणि एक दिवस चहा पिताना त्यांनी जाहीर करून टाकलं, “पुढचं घर घुमी उचलेल.”

टोळीतला सगळ्यात जुना माणूस म्हणजे पहिलवान. त्याच्या हातातली बशी हातातच राहिली. “काका, डोळ्यांत तेल घालून बघते पोर, कबूल. पण डोळ्यांनी हाक कशी देणार?”

“ते ती बघेल.”

“तेच तर म्हणतोय. ती बघेलच. बोलेल कधी?”

सगळे हसले. घुमीही हसली, कारण पहिलवानाचं काही चुकलं नव्हतं. बोलणाऱ्याचा कोंडाही विकला जातो आणि न बोलणाऱ्याचा गहूही पडून राहतो, हे काही पहिलवानानं शोधून काढलेलं नव्हतं. मग तो हसू आवरून म्हणाला, “एवढं एक घर बघतो, काका. जमलं तर ठीक. नाहीतर मी दुसऱ्या टोळीत जातो, आणि माझ्यामागं बाकीचे येतील. राग मानू नका.” काकांनी राग मानला नाही. घुमीची मात्र त्या दिवसापासून झोप उडाली.

आणि ते घर तरी कुठलं? डॉक्टरीणबाईंचा प्रसूतीचा दवाखाना. दुमजली, जाड भिंतींचा, त्यांच्या आईच्या काळातला. अर्धं गाव तिथं जन्मलं होतं. काका डॉक्टरीणबाईंच्या आईच्या हातावर जन्मले आणि घुमी खुद्द डॉक्टरीणबाईंच्या. बाई आता खूप म्हाताऱ्या झाल्या होत्या, पण जिभेची धार तशीच. कापलेली भिंत पाहायला आल्या तेव्हा त्यांनी घुमीला चष्म्यावरून न्याहाळलं.

“म्हणजे मुकादम तू? अगं, तू जन्मलीस तेव्हा रडलीसुद्धा नाहीस. उलटी धरली, चापट मारली, तरी आपली टकामका बघतेस माझ्याकडे. तुझा हा काका जन्मला तेव्हा म्हणे रस्त्यावरची माणसं थांबली होती.” मग त्या काकांकडे वळल्या. “माणसं दोन प्रकारची असतात, हे माझं आयुष्यभराचं निदान आहे. ओरडत येणारी आणि बघत येणारी. ओरडणारं पोर मोठं होऊन माणसं गोळा करतं. बघणारं चुका गोळा करतं.”

“चुका गोळा करणारं पण कुणी लागतंच की, बाई,” काका म्हणाले.

“लागतं. पण पुढे नाही, मागे. स्वभावाला औषध नाही, हे मी डॉक्टर असून सांगते. दवाखाना माझा आहे, सांभाळून.”

घुमी नेहमीप्रमाणे काही बोलली नाही. बोलली असती तर बाईंचं निदान तरी चुकलं असतं.

टोळीत एक जुनी रीत होती. नवा मुकादम पहिलं घर उचलतो, तेव्हा जुना मुकादम त्या घराच्या आत बसतो. हातभर उंची गाठेपर्यंत बाहेर यायचं नाही आणि तोंडातून अक्षर काढायचं नाही. ज्याच्या हाती घर सोपवलं, त्याच्या घरात बसायची छाती पाहिजे, असा त्यातला अर्थ. काकांनी स्वतः पहिलं घर उचललं तेव्हा त्यांचे वडील आत बसले होते आणि म्हणे चक्क घोरत होते. आता काकांची पाळी आली. घरात बसायला ते मुळीच घाबरत नव्हते. गप्प बसायचं या कल्पनेनं मात्र त्यांची पाचावर धारण बसली होती.

ठरल्या दिवशी सकाळी काका वरच्या मजल्यावर गेले, रस्त्याकडच्या खिडकीशी खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी तोंडावर बोट ठेवून खाली सगळ्यांना दाखवलं. खाली हशा पिकला. डॉक्टरीणबाई समोरच्या फुटपाथवर खुर्ची टाकून बसल्या होत्या. भिंतींवरच्या जुन्या भेगांवर घुमीनं आदल्या दिवशीच काचेच्या छोट्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. भिंत जराशी जरी चळली, तरी काच तडकून सांगते.

घुमीनं हाकेसाठी हातोडी घेतली होती. एका गर्डरच्या टोकावर एकच ठोका, टण्ण! लोखंडातून तो आवाज चारी बाजूंना सारखाच जातो. पुढच्याला जास्त नाही, मागच्याला कमी नाही.

टण्ण. दांडे फिरले.

टण्ण. पुन्हा फिरले. भिंतीच्या आत कुठंतरी, म्हातारं माणूस खुर्चीतून उठताना करतं तसा एक हुंकार झाला. खाली कापलेल्या रेषेत उजेडाची एक चीर दिसली. घुमीच्या अंगावर काटा आला. आपल्या मनगटाच्या एका ठोक्यावर एवढा मोठा दवाखाना जमिनीला सोडून उठला, हे तिच्या डोक्यात मावेना. तिनं पाणसळ पाहिली. दोन्ही टोकांचं पाणी खुणेवर, अगदी तंतोतंत. इतकं सरळ उठलेलं घर तिनं आयुष्यात पाहिलं नव्हतं. पुढं झुकलेलं नाही, मागं रेंगाळलेलं नाही. टण्ण, आणि घर वर. टण्ण, आणि घर वर. उजेडाची चीर रुंद होत गेली आणि मग पलीकडचं झाड खालून दिसायला लागलं.

हे सगळं घुमीला दिसत होतं. बाकीच्यांना काय दिसत होतं? आपला दांडा आणि समोरची वीट. काका असते तर दर हाकेला कळलं असतं की आपण वाघ आहोत, काम झकास चाललंय, जेवायची वेळ होत आली. इथं नुसता ठोका. मागच्या बाजूनं कुणीतरी ओरडून विचारलं, “ताई, बरोबर चाललंय ना?” घुमीनं जोरात मान हलवली. आता भिंतीपलीकडच्या माणसाला हिची मान कशी दिसणार? ते तिच्या लक्षातच आलं नाही. पलीकडच्यानं पुन्हा विचारलं नाही. पुढच्या बाजूला पहिलवान घामानं भिजला होता. त्याच्या शेजारचा चष्मिश ओठ चावत होता. त्यापलीकडे नणंद-भावजय अशा दोघी एकाच रांगेत काम करायच्या. त्यांची टकळी एरवी कधी थांबत नसे, पण आज त्याही चिडीचूप होत्या. घुमीला ती शांतता फार छान वाटत होती. सगळे किती मन लावून काम करतायत, असं तिला वाटलं. खरं म्हणजे सगळे घाबरले होते. चार माणसांच्या जिवाचं पाणी होत असताना हिला पाणसळीचं पाणी तेवढं दिसलं, हा तिच्या स्वभावाचा दोष. तो लपवण्यात अर्थ नाही.

आणि तेवढ्यात काकांनी खिडकीतून खाली पाहिलं.

आत बसून त्यांना काहीच कळलं नव्हतं. ना धक्का, ना हादरा. टण्ण ऐकू येत होतं, पण घुमी नुसती हातोडी वाजवून बघतेय, काम अजून सुरूच झालं नाही, अशा समजुतीत ते बसले होते. म्हणून त्यांनी सहज वाकून पाहिलं, तर रस्ता खाली गेलेला! फुटपाथ खाली, डॉक्टरीणबाई खाली, अंगणातला नळ खाली. साऱ्या जन्मात इतकी घरं वर नेलेल्या माणसानं जमीन खाली जाताना कधी पाहिलीच नव्हती. त्यांच्या पोटातून जे आलं ती हाक नव्हती. लहान पोराच्या तोंडून निघतं, तसं ते निघालं.

“वा! वा रे वा! माझ्या वाघांनो, वा!”

तीस वर्षं त्या ‘वा’वर फिरलेले हात. ते डोक्याला विचारायला थांबतात होय? पुढच्या बाजूचे दांडे फिरले, पुन्हा फिरले, पुन्हा फिरले. मागच्या बाजूला आवाज नीट पोचलाच नाही. तिथले दांडे जागच्या जागी.

टक्. काचेची पट्टी तडकली. टक्. दुसरी. खालच्या खिडकीच्या कोपऱ्यातून एक भेग निघाली आणि मुंगी चढावी तशी जिन्याच्या भिंतीवर चढायला लागली. वरच्या मजल्यावर कपाटाचं दार आपोआप उघडून धाडकन आपटलं. मग सगळं थांबलं. काका खिडकीच्या गजांना धरून उभे होते. आपण काय केलं, हे त्यांना कळलं होतं. त्यांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता.

“आधी त्यांना बाहेर काढ!” पहिलवान ओरडला.

घुमीनं जिन्याकडे बोट दाखवलं. जिना त्याच भेगेच्या भिंतीला टेकलेला होता. काकांचं वजन त्यावर पडलं, तर काय होईल ते सांगता येत नव्हतं. काका जिथं आहेत तिथंच राहायला हवे होते, आणि घराची पुढची बाजू खाली उतरायला हवी होती. घर चढवणं सोपं असतं. उतरवताना भार माणसाच्या हातावर येतो. पुढच्या चौघांपैकी एकाचा जरी दांडा बाकीच्यांच्या आधी सुटला, तर ती भिंत आणि तिच्यामागचा माणूस, दोन्ही गेले.

घुमी भेगेकडे बघत उभी राहिली. तिचं डोकं भराभर चाललं होतं. कुठला जॅक किती वर, कुठं भार जास्त, कुठून सुरुवात करायची, ते सगळं तिला लख्ख दिसत होतं. बाहेरून मात्र दिसत होती एक गप्प उभी बाई.

“संपलं,” भावजय पुटपुटली. “बोलत नाही म्हणजे संपलं.”

ते घुमीनं ऐकलं. तिनं वळून पाहिलं, तर चौघांचे हात थरथरत होते. पहिलवानाचे तर सगळ्यात जास्त. काय करायचं ते तिला ठाऊक होतं, पण करणारे हे हात होते, आणि आपल्या गप्प राहण्याचा भार घराच्या भारावर येऊन याच हातांवर पडतोय, हे तिला आज पहिल्यांदा दिसलं. काका असते तर म्हणाले असते वाघांनो. तिच्या तोंडात वाघ येईना. आला असता तरी शोभला नसता. तिच्याजवळ होतं ते एवढंच, की ती इतकी वर्षं बघत आली होती.

ती पहिलवानाजवळ जाऊन उकिडवी बसली.

“मामा,” ती म्हणाली, “तुम्ही दांडा सगळ्यांत जोरात ओढता. पण सोडता सगळ्यांत हळू. शाळेची इमारत उचलली तेव्हा तुमच्या जॅकखालचा ठोकळा सरकला होता. तुम्ही एकट्यानं तो भार धरून ठेवलात, शेजारच्यालासुद्धा कळू दिलं नाहीत. मी बघितलं होतं.”

पहिलवान तिच्याकडे बघतच राहिला. “तुला माहीत होतं?”

“तसंच आज सोडायचं.”

मग ती चष्मिशकडे सरकली. “तू नेहमी उशिरा फिरवतोस.” चष्मिशनं मान खाली घातली. “कारण आधी शेजारच्याचा हात बघतोस. तुझ्यामुळे ही रांग कधी फाटत नाही. आज माझ्याकडे बघूच नकोस. मामांचा हात बघ आणि तो फिरला की फिरव.”

राहिल्या नणंद-भावजय. दोघी एकमेकींना चिकटून उभ्या होत्या, पुरत्या गार पडलेल्या.

“तुम्ही दोघी भांडत असता ना,” घुमी म्हणाली, “तेव्हा तुमचे जॅक अगदी जोडीनं चालतात. एकीचा शब्द आणि दुसरीचा शब्द, मधे एक फेरा. गप्प असलात की चुकता. भांडा.”

“आत्ता?” नणंद म्हणाली.

“आत्ताच. हळू आवाजात.”

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. भावजयीनं दांडा घट्ट धरला. “माझी छत्री नेलीत ती नेलीतच, वन्सं.”

“मोडकी होती ती, वहिनी.”

“मोडकी होती तर नेलीत कशाला?”

“तुम्ही दिलीत म्हणून.”

घुमीनं हातोडी खाली ठेवली आणि गर्डरवर नखानं टिचकी मारली. इतकी हलकी, की फक्त जवळच्यांनाच ऐकू जावी. पहिलवानाचा हात वळला, सायीवरून बोट फिरावं तसा. चष्मिशचा त्याच्यामागून. छत्रीवरून एक शब्द इकडून, एक तिकडून, आणि मधे दोन दांडे जोडीनं उतरत होते. घर सुस्कारा टाकत खाली आलं. घुमी भेगेकडे बघत नव्हती, ती त्या हातांच्या चार जोड्यांकडे बघत होती, आणि तिच्या अंगावर पुन्हा तोच काटा आला. घर वर जाताना यायचा, तोच. मामांच्या हाताची थरथर थांबली होती. कधी थांबली, ते मामांनाही कळलं नव्हतं. आपल्या दोन वाक्यांनी हे झालं? एवढंच लागतं माणसाला? कुणीतरी आपल्याला खरंच बघितलंय, एवढंच?

मागं ठेवलेल्या पाणसळीतलं पाणी हळूहळू सरकत खुणेवर आलं. भेग मिटत मिटत केसाएवढी झाली आणि तशीच राहिली. भावजय म्हणाली, “जाऊ दे, ठेवा ती छत्री.” मग तिला एकदम रडू फुटलं, आणि नणंदेनं तिला जवळ घेतलं.

वर खिडकीत काका दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड घट्ट दाबून उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

घुमी उठली. हातभर उंची अजून गाठायची होती. पण या वेळी हातोडी उचलण्याआधी ती घराला पूर्ण वळसा घालून मागे गेली. “पुढं गडबड झाली होती. आता घर सरळ आहे,” तिनं मागच्यांना सांगितलं. “पुढची बाजू उतरवताना तुम्ही मागची तसूभरही हलू दिली नाहीत म्हणून वाचलं.” मागच्या बाजूच्या लोकांनी मुकादमाचं बोलणं समोरासमोर उभं राहून असं कधी ऐकलंच नव्हतं. काका नेहमी पुढे असत. एकानं उगाच पदरानं तोंड पुसलं, म्हणजे गळ्यातल्या पंच्याच्या पदरानं, आणि सगळे पुन्हा आपापल्या जॅकवर बसले.

टण्ण. टण्ण. आता ती काही ठोक्यांनंतर चालत जायची. एका बाजूला “छान, असंच” म्हणायची, दुसऱ्या बाजूला “जरा दम घ्या.” शब्द मोजकेच, आवाज रोजचाच. पण तिचा आवाज मोठा होत नाही म्हटल्यावर बाकीच्यांनी आपले आवाज लहान केले. कुणी खोकलं तर शेजारचा त्याच्याकडे डोळे वटारून बघायचा. दवाखाना चढत राहिला. समोर डॉक्टरीणबाई खुर्चीतून कधी उठून उभ्या राहिल्या, त्यांचं त्यांनाच कळलं नसावं. आपली आई आणि आपण जिथं राबलो, अर्धं गाव जिथं जन्मलं, त्या खोल्या हवेत चढताना बघून त्यांच्या जिभेवर एकही निदान येईना.

हातभर खूण आली. घुमीनं हातोडी खाली ठेवली. रिवाजाप्रमाणे आता नव्या मुकादमानं जुन्याला खाली बोलवायचं असतं, आणि ते टोळीतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जावं लागतं. सगळे थांबले.

“काका, उतरा खाली,” घुमी म्हणाली. जेवायला बोलवावं तशी.

मागच्या भिंतीआडून आवाज आला, “आणतो, शिडी आणतो!”

शिडी लागणारच होती. दारापुढच्या पायऱ्या गर्डर सरकवायला आधीच फोडल्या होत्या आणि दार हवेत होतं. जिन्याची भिंत घुमीनं आधी हात लावून तपासली, मग काकांना जिन्यावरून येऊ दिलं. काका दारात आले. पहिलवानानं शिडी धरली. दुखऱ्या गुडघ्यांनी काका एकेक पायरी उतरू लागले, आणि मध्येच, घुमीच्या चेहऱ्यासमोर चेहरा आला तेव्हा, थांबले. तोफ म्हणवणारा माणूस कुजबुजला. ते ऐकून घुमीला हसावं की रडावं कळेना.

“मी तीस वर्षं सगळ्यांना वाघच म्हणत आलो गं. एकालाही वेगळा ओळखला नाही. तू सगळ्यांचं सांगितलंस. माझं काय बघितलंस?”

ते शाबासकी मागत नव्हते. त्यांना खरंच भीती वाटत होती, आणि ती त्यांच्या डोळ्यांत दिसत होती.

“हाक देण्याआधी तुम्ही श्वास घेता, काका,” घुमी म्हणाली. “मी लहान होते, तुमच्या शेजारच्या दांड्याला हात लावायचे, तेव्हा मला तुमच्या ओरडण्याची भीती वाटायची. म्हणून मी शब्दाची वाटच बघायची नाही. तुमचा श्वास ऐकायचा आणि दांडा फिरवायचा, की बरोबर सगळ्यांबरोबर फिरायचा. अजून हातोडी मारायच्या आधी मी तोच श्वास घेते. मला दुसरा येतच नाही.”

शिडी धरलेला पहिलवान दुसरीकडे बघत होता. काका उरलेल्या पायऱ्या उतरले, घराला वळसा घालून लंगडत मागच्या बाजूला गेले, आणि तिथल्या एका थकलेल्या माणसाला उठवून त्याच्या जॅकसमोर लाकडी ठोकळ्यावर बसले. गुडघे कुरकुरले. त्यांनी दांडा जॅकच्या भोकात घातला आणि दोन्ही हातांनी धरला.

घुमी मागोमाग आली होती. “काका, हे काय? तुम्ही कशाला—”

“अजून बरंच चढवायचंय,” काका म्हणाले. मग त्यांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. जन्मल्यापासून जिला अगंतुगं केलं, तिला ते म्हणाले, “द्या हाक, मुकादम. आम्ही ऐकतोय.”